प्रेमप्रकरण नसेल तर कादंबरी वाचतो कोण?

वाचकांचे प्रश्न या सदरासाठी गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाची निघाली, म्हणून इतर पत्रे पुढील अंकासाठी राखून ही पाच येथे एकत्र घेतली आहेत. जागेअभावी ती संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वडील रत्नागिरी जिल्ह्यातून बडोद्यास आले आणि निवृत्तीपर्यंत येथील एका कारखान्यात फिटर म्हणून राबले. त्यांच्या आयुष्यावर मी कादंबरी लिहिली आहे. दांडिया बाजारातील पाचसहा जणांची सामाईक खोली, खानावळ, कारखान्यातील पाळ्या, संप, गावी जाणाऱ्या मनीऑर्डरी असे तिचे स्वरूप आहे. आई बरीच वर्षे गावीच होती. कादंबरीत ती शेवटी येते. प्रकाशन व्यवसायातील एका परिचित गृहस्थांनी हस्तलिखित वाचले आणि सांगितले की भाषा चांगली आहे, परंतु प्रेमप्रकरणावाचून हल्ली कोणी कादंबरी हातात धरत नाही. कारखान्याच्या कँटीनमध्ये एखादी तरुणी दाखवा आणि दोनतीन प्रसंग जरा मोकळेपणाने लिहा. मी तसे करावे काय?
(एक वाचक, कारेलीबाग, बडोदे)

उत्तर : कँटीनमधील तरुणी आणू नका. पत्रासोबत तुम्ही पाठवलेली प्रकरणवार रूपरेषा आणि पहिली दोन प्रकरणे मी वाचली. ती तरुणी कोण, कोठून आली, डब्यात काय आणते, तिच्या घरी कोण आहे, यांतले काहीच तुम्हाला ठाऊक नाही, आणि लेखकाला जे ठाऊक नसते ते झाकण्यासाठी तो हमखास ठरावीक सामग्रीकडे वळतो : पाऊस, ओले केस, चहाचा कप देताना झालेला स्पर्श. अशी पाने वाचकाने इतरत्र अनेकदा वाचलेली असतात, आणि तुम्ही त्याच्यासाठी म्हणून घातलेली नेमकी तीच पाने तो भराभर उलटतो.

तुमच्या परिचितांचे विधान मात्र तपासून पाहण्याजोगे आहे, कारण ते पुष्कळ जण करतात आणि फार थोडे पडताळतात. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिलेली ‘श्यामची आई’ आजही छापली जाते आणि विकली जाते. तिच्यात प्रेमप्रकरणाला जागाच नाही. ते मुलांचे पुस्तक आहे असा आक्षेप कोणी घेईल, तर बाबूराव अर्नाळकरांकडे पाहावे. त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि त्या हातोहात नेणारा वाचक नायिका केव्हा येते याची वाट पाहत नव्हता, गुन्हेगार कसा सापडतो याची पाहत होता. रहस्यकथा म्हणजे साहित्य नव्हे असे कोणी म्हटले, तर १९६३ साली आलेली ‘कोसला’ घ्यावी. कॉलेजात शिकणारा, वसतिगृहात राहणारा, वडिलांच्या पैशावर पुण्यात वावरणारा तरुण हा तिचा नायक. प्रेमप्रकरणाला याहून सोयीची जागा शोधून सापडली नसती. पांडुरंग सांगवीकर पैसे उडवतो, नापास होतो, धाकट्या बहिणीच्या मृत्यूने आतून मोडतो, गावी परततो, आणि या सगळ्यात नायिका अशी कोणी नाही. तरीही ती कादंबरी साठ वर्षे एकमेकांच्या हाती देत आले ते मुख्यतः तरुणच. १९५५ च्या ‘बनगरवाडी’तही तरुण, एकटा, परगावचा मास्तर आहे. एका मुलीच्या चोळीवरून त्याच्यावर किटाळ येते, गावात कुजबुज होते, आणि लेखक त्या प्रसंगाचा धागा प्रेमकथेकडे न ओढता पुन्हा मेंढरांकडे, पावसाकडे आणि दुष्काळाकडे वळतो. याच प्रसंगावर दुसऱ्या कोणी निम्मी कादंबरी उभी केली असती.

तुमच्या विषयाला सर्वांत जवळचे उदाहरण मात्र आत्मकथनाचे आहे. नरेंद्र जाधव यांचे ‘आमचा बाप आन् आम्ही’ १९९३ साली आले आणि त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. गावाकडून मुंबईस आलेला, कष्टाची नोकरी करून मुलांना शिकवणारा बाप हा त्याचा विषय आहे. बापाच्या नोकरीवर पुस्तक चालत नाही, असे यानंतर तरी कोणी म्हणू नये.

बडोद्याच्या लेखकाला तर उदाहरणासाठी गाव सोडण्याचीही गरज नाही. चिं. वि. जोशी बडोदा कॉलेजात पाली शिकवत. दिवसा बौद्ध वाङ्मय शिकवणाऱ्या या प्राध्यापकाने पुण्यातील चिमणराव हा एक सामान्य कारकून, त्याची पत्नी काऊ आणि त्याचा नात्यातला भाऊ गुंड्याभाऊ यांच्या फजितीच्या कथा लिहिल्या. त्या साऱ्या महाराष्ट्राने वाचल्या आणि पुढे सत्तरीच्या दशकात दूरदर्शनवरही पाहिल्या. त्यांत लग्ने आहेत, लग्नाच्या खटपटी आहेत, नवराबायकोची बोलाचाली आहे. प्रेमाराधन मात्र जवळजवळ नाही. वाचकाला त्यात आपले घर दिसले, आणि शेजाऱ्याचे घर त्याहून स्पष्ट दिसले.

एवढे सांगितल्यावर तुमच्या परिचितांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. त्यांना हस्तलिखितात काहीतरी उणे वाटले, ते बरोबर आहे. त्यांनी सुचवलेला उपाय चुकला. तुमच्या रूपरेषेत पहिली सात प्रकरणे वडील कामावर जातात, परत येतात, जेवतात, पैसे पाठवतात. त्यांना काय हवे आहे हे वाचकाला आठव्या प्रकरणापर्यंत कळत नाही, आणि आठव्या प्रकरणात तुम्ही ते एका वाक्यात उरकता : त्यांना वारसियात स्वतःच्या नावावर दोन खोल्या घ्यायच्या होत्या आणि तेवढे पैसे जमले तेव्हा गावाकडील भावाच्या विहिरीसाठी ते पाठवावे लागले. हे वाक्य पहिल्या प्रकरणात असायला हवे. प्रेमकथा वाचकाला धरून ठेवते याचे कारण तीत पहिल्या पानापासून कोणाला तरी काहीतरी तीव्रतेने हवे असते आणि ते मिळेल की नाही हे कळत नाही. ही ओढ दोन खोल्यांविषयी असली तरी वाचक तितक्याच उत्सुकतेने पाने उलटतो. बडोद्यासारख्या शहरात भाड्याच्या घरात आयुष्य काढलेला वाचक तर अधिकच.

दुसरे उणे तुमच्या आईविषयी आहे. नायकाच्या आयुष्यात बाई नाही असे त्या गृहस्थांना वाटले, आणि तुम्हीही ते मान्य केलेले दिसते. वास्तविक ती सबंध कादंबरीभर आहे, फक्त रत्नागिरीस आहे. लग्न झालेला तिशीतला माणूस अनेक वर्षे पाचसहा पुरुषांबरोबर एका खोलीत राहतो आणि त्याची बायको शेकडो मैलांवर सासूसासऱ्यांजवळ राहते. गणपतीला किंवा शिमग्याला तो दहाबारा दिवस जातो तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेले असते. मनीऑर्डरीच्या फॉर्मवर मजकुरासाठी असलेल्या चार बोटांच्या जागेत तो काय लिहीत असे? ती उत्तर कोणाकडून लिहवून घेत असे, आणि लिहिणाऱ्यासमोर काय सांगता येत नसे? बडोद्यास येण्याचा विषय प्रथम कोणी काढला? शृंगार तुमच्या सामग्रीत आहेच. तो कँटीनमध्ये शोधल्यामुळे सापडला नाही, आणि आईविषयी असे लिहावे कसे या संकोचामुळे तुम्ही ती बाजू झाकून ठेवली. संकोच समजण्यासारखा आहे. परंतु आईवडिलांच्या आयुष्यातील तो विरह वगळून त्यांच्या जागी एक काल्पनिक तरुणी आणणे हे त्यांच्यावर अधिक अन्यायाचे होईल, असे मला वाटते.

राहिला प्रश्न खपाचा. येथे बाजाराची आणि बडोद्याची परिस्थिती वेगवेगळी पाहावी लागते. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून मध्यवर्ती ग्रंथालयाची आणि गावोगावच्या वाचनालयांची व्यवस्था लावली, पुस्तकांच्या पेट्या भरून खेड्यांत पाठवल्या. पुस्तक चटकदार असले की वाचक आपोआप येईल, अशा भरवशावर ते राहिले नाहीत. आज येथील मराठी घरांतील मुले घरात मराठी बोलतात आणि शाळेत गुजराती किंवा इंग्रजीत शिकतात. देवनागरी त्यांना हिंदीमुळे येते, म्हणजे ती मराठी वाचू शकतात, पण वाचण्याची सवय लागत नाही. तुमची कादंबरी ज्यांच्या आजोबांची गोष्ट आहे त्यांच्यापैकी निम्म्यांपर्यंत ती पोचणार नाही, याचे कारण हे आहे, आणि त्यावर कँटीनमधील दोनतीन प्रसंगांचा काही इलाज चालणार नाही. त्यापेक्षा खोलीचे आणि संपाचे अशी दोन प्रकरणे येथील एखाद्या मंडळाच्या कार्यक्रमात वाचून दाखवा. विरहाचे प्रकरण लिहून झाले की ते स्वतंत्र कथा म्हणून दिवाळी अंकांकडे पाठवा. अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, हे ध्यानात असू द्या.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून आमच्या भगिनी मंडळाचे छोटे वाचनालय सांभाळते. जुने साहित्य सोज्वळ होते. हल्ली भडक पुस्तकांनाच मागणी असते आणि चांगली पुस्तके कपाटात राहतात. दूरचित्रवाणी आणि मोबाइल यांमुळे वाचकांची अभिरुची बिघडली, हे आपणांस मान्य आहे का?
(एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे)

उत्तर : आपण वाचनालय चालवता म्हणून आपल्या निरीक्षणाला मान दिलाच पाहिजे. जुने साहित्य सोज्वळ होते या विधानाशी मात्र मला सहमत होता येत नाही. आपण आणि मी जुने साहित्य प्रथम वाचले ते शाळेच्या क्रमिक पुस्तकांत, आणि क्रमिक पुस्तकासाठी वेचे निवडणारा संपादक जे गाळतो ते पुढे आयुष्यभर आपल्या दृष्टीने नसतेच. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ महाराष्ट्री प्राकृतातील आहे, म्हणजे आपल्या भाषेच्या पूर्वजांतली. तिच्यातील सुमारे सातशे गाथांपैकी बहुसंख्य गाथा प्रेमाच्या, भेटीच्या, रुसव्याच्या आणि चोरून केलेल्या संकेतांच्या आहेत. पेशवाईतील रामजोशी, होनाजी बाळा, प्रभाकर यांच्या लावण्या तर उघड शृंगाराच्या. रामजोशींनी लावण्याही रचल्या आणि कीर्तनेही केली, आणि श्रोते दोन्हींना येत.

आपल्या प्रश्नाचे सर्वांत जुने मराठी उत्तर ज्ञानेश्वरीच्या दहाव्या अध्यायात आहे. देशी भाषेच्या नागरपणाने ‘शांतु शृंगारातें जिणें’, म्हणजे शांतरस शृंगारावर मात करील, तर या ओव्या साहित्याचे लेणे होतील, असे ज्ञानेश्वर म्हणतात. १२९० च्या सुमारास लिहिणाऱ्या या कवीला प्रतिस्पर्धी कोण आहे याची स्पष्ट जाणीव होती. शृंगाराला श्रोता सहज मिळतो हे त्यांनी नाकारले नाही, त्याबद्दल श्रोत्यांना दूषणही दिले नाही. तो श्रोता आपल्या भाषेच्या बळावर आपल्याकडे वळवण्याची जबाबदारी स्वतःवर घेतली. विरहिणींच्या अभंगांत तर शृंगाराचीच भाषा उचलून ती विठ्ठलाकडे वळवली. अभिरुची बिघडल्याची तक्रार करणाऱ्या आजच्या लेखकांनी, आणि संपादकांनीही, ही ओवी अधूनमधून वाचावी.

आता बडोद्यात जन्मलेले कवी माधव जूलियन यांचे पाहा. ‘विरहतरंग’ हे त्यांचे १९२६ चे खंडकाव्य प्रेमाचे, ‘गज्जलांजलि’तील गझला प्रेमाच्या; रविकिरण मंडळातील या कवीची ओळखच प्रणयकवी अशी होती आणि त्या प्रणयामुळे त्यांना टीकाही सोसावी लागली. त्यांच्या समग्र कवितेतून सर्वसामान्य मराठी घराला आज पाठ असलेली कविता कोणती असे विचारले, तर उत्तर येते ‘प्रेमस्वरूप आई’. प्रणयाने त्यांना त्यांच्या काळातील तरुण वाचक मिळवून दिला हे खरे, आणि त्या वाचकाच्या नातवंडांनी जपून ठेवली ती आईवरची कविता, हेही खरे. वाचक कशासाठी येतो आणि काय घेऊन जातो, या दोन गोष्टी एकच असतील असे नाही.

आपल्या वाचनालयाबाबत एक सुचवतो. नोंदवहीत कोणते पुस्तक किती वेळा गेले हे आपण पाहतच असाल. तेच पुस्तक त्याच वाचक भगिनीने पुन्हा नेले का, आणि परत करताना ते दुसरीला देण्यास सांगितले का, हेही टिपून ठेवावे. भडक मुखपृष्ठाचे पुस्तक एकदा झपाट्याने फिरते आणि मग पडून राहते, असा माझा अंदाज आहे. आपली नोंदवही तो खोटा ठरवील तर तसे कळवावे, पुढील अंकात अवश्य छापू. मुखपृष्ठांविषयी एक गंमत सांगतो. दिवाळी अंकांवर सुंदर स्त्रीचे चित्र छापण्याची प्रथा मराठीत दीर्घकाळ होती, आणि त्या चित्राआड विश्वकोशाला शोभतील असे लेख बिनदिक्कत छापले जात. ते अंक घरोघर गेले आणि लेखही वाचले गेले. आमिषाला भुललेला वाचक नेहमीच वाया जातो असे नाही.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो आणि कथा लिहितो. माझ्या कथांत शारीरिक संबंधांची वर्णने आहेत, ती कथेला आवश्यक आहेत असे मला वाटते. कायद्याने अडचण येऊ शकते का? आणि अशा कथांना वाचक अधिक मिळतो हे खरे आहे का?
(एक विद्यार्थी, फतेगंज, बडोदे)

उत्तर : कायद्याविषयी थोडक्यात. अश्लील पुस्तकांविषयीचे पूर्वीचे कलम भारतीय दंड संहितेचे २९२ होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम २९४ म्हणून आले आहे. त्याचा अर्थ कसा लावावा याविषयीचा एक महत्त्वाचा निकाल मराठी कथेवरूनच झालेला आहे. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ प्रसिद्ध झाली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, उच्च न्यायालयाने दोषी ठरवले आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. लैंगिकतेचा नुसता उल्लेख अश्लील मानायचा ठरवले तर किशोरवयीनांना केवळ धार्मिक ग्रंथच वाचत बसावे लागेल, अशा आशयाचे निरीक्षण त्या निकालात आहे. ‘श्यामा’ ही उच्च दर्जाची साहित्यकृती आहे असे न्यायालयाने म्हटले नाही, हे आपल्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे : सामान्य प्रेमकथेलाही संरक्षण मिळाले. २०१४ च्या आणखी एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने कलाकृती समग्र पाहून समकालीन समाजाच्या निकषावर जोखावी, असे स्पष्ट केले. त्यामुळे सुटे परिच्छेद काढून त्यांवर लेखकाला दोषी ठरवणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. तक्रार होणारच नाही, अशी हमी मात्र कोणी देऊ शकत नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’चे उदाहरण पुरेसे आहे. १९२७ पासून १९५३ साली कर्व्यांचे निधन होईपर्यंत त्यांनी हे मासिक चालवले. संततिनियमन, स्त्रीपुरुषसंबंध, लैंगिक आरोग्य हेच त्याचे विषय. त्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कर्व्यांचे वकीलपत्र घेतले. एवढी चर्चा, एवढी बदनामी आणि असा विषय असूनही मासिक सदैव तोट्यात राहिले आणि कर्वे पदरमोड करून ते काढत राहिले. कुतूहल असलेला वाचक मुबलक होता. वर्गणी भरून ते मासिक उघडपणे घरी मागवणारा थोडा होता. कथेच्या बाबतीतही हाच फरक पडतो, आणि मोबाइलवर हवे ते फुकट दिसत असताना तो अधिक पडतो. निव्वळ शारीरिक कुतूहलासाठी आज कोणालाही मराठी कथेकडे येण्याची आवश्यकता उरलेली नाही. तुमच्या कथेकडे जो येईल तो त्या दोन माणसांसाठी येईल, तेव्हा वर्णनाच्या आधी आणि नंतर ती एकमेकांशी काय बोलतात याकडे लक्ष द्या. पाठवलेल्या कथेत ती काहीच बोलत नाहीत.

प्रश्न : मला प्रेमकथा आवडतात आणि मी बहुतेक त्याच वाचते. माझा मुलगा मला हसतो. प्रेमकथा हे हलके साहित्य आहे काय?
(एक वाचक, मांजलपूर, बडोदे)

उत्तर : नाही. विश्राम बेडेकरांची १९३९ सालची ‘रणांगण’ आपण वाचली नसेल तर मिळवा. युरोपातून निघालेल्या बोटीवर एक मराठी तरुण आणि एक ज्यू निर्वासित तरुणी भेटतात, एवढीच तिची गोष्ट. महायुद्ध तोंडावर आलेल्या जगात माणसाचे काय होते हे त्या प्रेमातून जितके कळते तितके कित्येक जाडजूड इतिहासांतून कळत नाही. वि. स. खांडेकरांची १९५९ ची ‘ययाति’ही घरात असू द्या : वासना हाच तिचा विषय, आणि तिच्या लेखकाला १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. दोन्ही वाचून झाल्यावर मुलाच्या टेबलावर ठेवा, आणि तो हसतो का ते पाहा.

प्रश्न : माझी एक कथा पाठवत आहे. पन्नाशीच्या बाईची कथा आहे. आजारपणानंतर नवरा आपले अंथरूण बाहेरच्या खोलीत हलवतो आणि बरा झाल्यावरही परत येत नाही. त्या विषयावर दोघे कधी बोलत नाहीत. शेवटी ती जावेबरोबर महिन्याभराच्या तीर्थयात्रेला निघून जाते. मधल्या चार पानांत तिच्या शरीराच्या इच्छेविषयी लिहिले आहे. मैत्रीण म्हणते, हीच पाने लोक वाचतील, आणखी लिही. घरचे वाचतील आणि ती मीच आहे असे समजतील, म्हणून मला ती पाने काढून टाकावीशी वाटतात. काय करावे?
(एक लेखिका, रावपुरा, बडोदे)

उत्तर : कथा त्या चार पानांशिवाय वाचून पाहिली. ती पाने काढली तर आपली नायिका एक भाविक बाई होते. ती यात्रेला का गेली याचे उत्तर वाचकाच्या दृष्टीने देवदर्शन एवढेच उरते, आणि घर सोडताना ती नवऱ्याचे अंथरूण उन्हात घालून जाते या प्रसंगाला काही अर्थ राहत नाही. तेव्हा पाने राहिली पाहिजेत. लोक वाचतील म्हणून नव्हे, त्यांवाचून शेवट उभा राहत नाही म्हणून. मैत्रिणीचा सल्लाही मानू नका. तिसऱ्या पानावरील आरशासमोरचा दीड परिच्छेद आत्ताच अधिक झाला आहे. तेथे नायिका स्वतःकडे पाहत नसून कोणीतरी तिच्याकडे पाहत आहे असे वाटते. तो काढला तर उरलेली पाने अधिक खरी वाटतील.

घरच्यांच्या भीतीला मराठीत मोठी परंपरा आहे. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने आला. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींच्या मनातील आणि शरीरातील कोंडी त्या कथांत उघडपणे मांडलेली होती. पुस्तकावर वादळ उठले आणि ही विभावरी कोण याचे तर्क सुरू झाले. त्या होत्या बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर म्हणून ओळखल्या गेलेल्या. वर उल्लेखिलेल्या ‘रणांगण’चे लेखक विश्राम बेडेकर हे त्यांचे पती. त्या वेळीही चर्चा बरीचशी लेखिका कोण याचीच झाली. तरीही ते पुस्तक आज वाचले जाते ते त्या मुलींसाठी, आणि टोपणनावाने त्याचे काही बिघडले नाही. टोपणनाव घेणे हा भित्रेपणा आहे असे म्हणणारे बहुधा स्वतः अशा घरात राहत नसतात.

आपणही टोपणनाव घेऊ शकता. आमच्या अंकात ते चालते, मात्र खरे नाव आणि पत्ता संपादकांकडे असावा लागतो. तो छापला जात नाही आणि कोणाला कळवलाही जात नाही. आरशाचा परिच्छेद काढून, टोपणनाव ठरवून, कथेची सुधारित प्रत युनिकोडमध्ये टंकलिखित करून महिनाअखेरपर्यंत पाठवावी. जावेचे नाव दुसऱ्या आणि सहाव्या पानावर वेगवेगळे पडले आहे, तेवढे पाहून घ्यावे.